ऐकू आलं तरी ‘जी’

पोंभुर्णा,
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय दिव्यानी,

अनेक आशीर्वाद.

सभेत उभा राहिलो की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘त्या खुर्चीत एकदाच बसवून कायमचं उठवलेल्या माझ्या खेड्यापाड्यांतल्या भावांनो आणि बहिणींनो.’ त्यावर टाळी पडतेच. इथे समोर तू एकटी आहेस, टाळीची सोय नाही, तरी सुरुवात तीच करतो, कारण गाऱ्हाणं दोघांचं एक आहे. मला त्या खुर्चीतून सात वर्षांपूर्वी उठवलं. तुला आता उठवायच्या बेतात आहेत.

घरचं आधी सांगतो. धान कापून झाला, मळणी बाकी आहे. बाबा तलावावर जाळं घेऊन जातात आणि थंडीनं मासा खाली बसला म्हणत परत येतात. मायचं शिवणयंत्र पुन्हा चालू झालं आहे. ज्याच्या पायडलवर तू विमान शिकलीस तेच.

इतवारच्या फोनवर तू ‘बरी आहे’ म्हणालीस. बाबांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. शेजारचे जंगूकाका, सोमारीबाई आणि त्यांचा विक्की ओसरीवर बसून ऐकत होते, तेव्हा तू दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं. तुझं पत्र माझ्या कॉलेजच्या पत्त्यावर आलं, हे तू शहाणपणाचं केलंस. मी ते अजून कुणाला दाखवलेलं नाही.

चौकातला तुझा बॅनर अजून आहे. वाऱ्यानं एक कोपरा फाटला होता, तो ग्रामीण रुग्णालयाशेजारच्या पोरांनी शिवून पुन्हा ताणला. उड्डाणाच्या पोशाखातला तुझा फोटो माणसापेक्षा मोठा आहे. माझाही आहे, खाली शुभेच्छुकांच्या ओळीत, जंगूकाका आणि किराणावाला डोमा यांच्या मधे, पासपोर्टच्या आकाराचा. डोमाचा फोटो माझ्यापेक्षा स्पष्ट आला आहे.

परवा मूल गावी एका कॉलेजात बोलायला गेलो होतो. विषय होता ‘सैन्यभरती आणि ग्रामीण युवक’. गेली पाच वर्षं या विषयावर जिल्ह्यात माझ्याएवढं कुणी बोललेलं नाही, वाचलेलं तर नाहीच. सूत्रसंचालक उभा राहिला आणि म्हणाला, ‘आपल्या पायलट दिव्यानीताईंचे बंधू’, मग खिशातली चिठ्ठी काढून पाहिली, मग म्हणाला, ‘प्रफुलसर.’ तुझ्या नावासाठी त्याला चिठ्ठी लागली नाही. असो.

आता तुझ्या पत्राकडे येतो. नीट समजलं आहे का, ते पुन्हा मांडून पाहतो. शिकवायच्या विमानात पुढे तू, मागे तुझे इन्स्ट्रक्टर. ताबा एकाकडून दुसऱ्याकडे द्यायचा असेल तर ठरलेले इंग्रजी शब्द आहेत. देणाऱ्यानं म्हणायचं, घेणाऱ्यानं उलट म्हणायचं, मगच हात सोडायचा. हे तुम्ही रोज करता. त्या दिवशी सरांची ती शेवटची फेरी होती. सकाळपासून एकामागून एक पोरं उडवून ते थकलेले. वळण घेता घेता त्यांनी ठरलेले शब्द सोडून हिंदीत काहीतरी म्हटलं. कानात खरखर होती, तुला शब्द लागला नाही. तू म्हणालीस, ‘जी?’ त्यांनी ऐकलं, ‘जी.’ त्यांनी विमानाची दांडी सोडली. तू धरलेलीच नव्हती. विमान डाव्या अंगावर पडायला लागलं आणि त्या क्षणांत ते कुणाच्याच हातात नव्हतं. मग सरांनी ओढून सावरलं. खाली उतरल्यावर शेरा पडला, ताबा घेऊनही सोडला. आता दोन जादा फेऱ्या, मग मोठ्या साहेबांसोबत तपासणीची फेरी, आणि ती बिघडली तर सामान बांधायचं.

आणि तू कुणाला एक शब्द बोलली नाहीस. विचारलं तेव्हाही ‘सॉरी सर’ म्हणालीस.

तू नाही बोलणार, हे मला ठाऊक होतं. आपल्या दोघांना कुणी वाढवलं ते आठव. बाबांनी हाक मारली आणि आपण ‘काय’ म्हटलं, तर ते म्हणायचे, ‘काय म्हंजे? बैल हाये का मी? जी म्हणाव.’ ऐकू आलं तरी जी, नाही आलं तरी जी. समजलं तरी जी, आणि नाही समजलं तर तोच जी थोडा वर उचलून. तो उचललेला जी पोंभुर्ण्यात बहिऱ्यालाही कळतो. लखनौ-दिल्लीकडच्या माणसाला तो इंजिनाच्या आवाजात कळावा कसा?

दिव्यानी, मी या विषयावर सात वर्षं वाचतो आहे. अपघातांच्या चौकश्या वाचल्या, जुन्या वैमानिकांच्या आठवणी वाचल्या. दोष वैमानिकाचा, एवढं लिहून मोकळं होण्याचा आजार जुना आहे. शिकवायची विमानं कमी, म्हणून तुकड्या थांबून राहतात. इन्स्ट्रक्टर कमी, म्हणून एकच माणूस दिवसभर राबतो आणि संध्याकाळी ठरलेले शब्द गिळतो. जमिनीवरची सरावयंत्रं पुरेशी असती तर अर्ध्या चुका जमिनीवरच झाल्या असत्या आणि तिथे कुणी पडून मरत नाही. आणि सर्वांत मोठं दुखणं म्हणजे, चूक सांगणाऱ्याच्या नावावरच चूक लागते. मग कोण सांगेल? जिथे आपली चूक सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही अशी हमी असते, तिथेच एकाच्या चुकीतून दहाजण शिकतात. हे मी मूलमध्ये बोललो, चंद्रपुरात बोललो, उद्या एटापल्लीत बोलवलं तर तिथेही बोलेन.

आणि ती वैमानिक निवडीच्या चाचणीची खुर्ची. पडद्यावर पळणारा ठिपका, हातात दांडी, पायात पायडल, कानात आकडे. आयुष्यात एकदाच बसू देतात. शहरातली पोरं तसल्याच यंत्रावर पैसे भरून सराव करून आलेली. मी तोवर तलावातला डोंगा, बैलबंडी आणि बाबांची लुना एवढंच चालवलं होतं. यंत्र काय मागतं आहे हे समजेपर्यंत वेळ संपली. बाहेर आलो तेव्हा माझ्यानंतरचा पोरगा आत जात होता आणि त्यानं मला विचारलं, ‘कैसा था?’ मी म्हटलं, ‘आसान है.’ अजून कधीकधी त्याचं काय झालं असेल असा विचार येतो.

म्हणून तुला तसं जाऊ दिलं नाही. छत्रीची मूठ खाटेच्या दांड्याला बांधली, मायच्या शिवणयंत्राचं पायडल घेतलं, भिंतीवर आरशाचा कवडसा नाचवला आणि रोज तुला त्याच्यामागे पळवलं. माय ओरडायची, ‘ब्लाउज राह्यले लोकायचे, अन् तुमी माह्या मशीनवर इमान उडवून राह्यले.’ तू पास झालीस. शिकवलं मी, उडालीस तू.

तेव्हा माझं मत ऐक. घरी ये. हार मानून नाही, ताठ मानेनं. जी व्यवस्था तुझा एक शब्द समजून घेत नाही, तिच्यापुढे आपण का वाकायचं? राजीनामा दे आणि तिकडून थेट माझ्यासोबत व्यासपीठावर ये. आपण दोघं गावोगाव बोलू. बाबांना मी समजावतो, बॅनरचंही बघतो. तुझं तिथे नसणं हाच सर्वांत मोठा निषेध ठरेल.

पत्र उद्या टाकतो.

२४ नोव्हेंबर

टाकलं नाही. वरची पानं फाडणार होतो, पण फाडत नाही. ती तुझ्याकडे आलीच पाहिजेत. मधल्या दिवसांत जे झालं ते ऐक. आधी हसशील.

शुक्रवारी मी ओसरीत चंद्रपूरच्या भाषणाची टिपणं काढत होतो. आतून मायचा आवाज आला, शिवणयंत्र खडखडत होतं, शब्द लागले नाहीत. मी मान वर न करता म्हटलं, ‘जी?’ तिचं उत्तर आलं नाही, मी विसरलो. काल सकाळी उठलो तर माझा पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीवर, बाबा दाढी करून तयार, आणि दारात मामाची गाडी.

‘कुठी चाललो?’ मी विचारलं.

‘राजुऱ्याले. पोरगी पाहाले.’

‘कोणासाठी?’

माय माझ्याकडे बघतच राहिली. ‘तूच तं जी म्हटला. मी म्हटलं, बाबुलालभाऊची डिंपल हाये, इतवारी जाऊ का? तं तू म्हटला, जी. मी फोन करून टाकला त्यायले.’

‘माय, मी विचारलं होतं जी. काय म्हणून राह्यली असं.’

‘मले काय मालूम बाप्पा. जी तं जीच असते.’

बाबा आरशात बघत म्हणाले, ‘आता पोहे भिजले असन त्यायच्या घरी. चाल.’

दिव्यानी, गाडीत मी मागच्या सीटवर मायच्या मांडीवरच्या फळांच्या पिशवीशेजारी बसलो होतो आणि मनात तुझंच विमान होतं. मी मागितलं नव्हतं, तिनं जबरदस्ती केली नव्हती, दोघांपैकी कुणाची लबाडी नव्हती, आणि गाडी राजुऱ्याच्या वाटेला लागली होती.

बाबुलालभाऊ खाणीतून निवृत्त झालेले, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. बसलो तसे म्हणाले, ‘म्हंजे तुमी पायलटबाईचे भाऊ.’ मग तासभर तू. तू किती उंच जातेस, तुला भीती वाटते का, जेवायला काय देतात. बाबा छाती काढून सांगत होते. पोह्यात लिंबू पिळता पिळता मी मोजत नव्हतो, पण मला एवढं कळलं की त्या तासात माझ्याबद्दल एकच प्रश्न आला आणि तोही मायला होता, ‘पोरगा पक्का हाये का नोकरीत?’ माय म्हणाली, ‘कॉलेजात तासावर हाये, जेवढे तास तेवढे पैसे.’ मग परत तू.

शेवटी कुणालातरी आठवलं की आम्हा दोघांनाही बोलू द्यावं. अंगणात कोहळ्याचा वेल आहे, त्याच्याशेजारी दोन खुर्च्या टाकल्या. डिंपल शाळेत विज्ञान शिकवते. मी प्रामाणिकपणे म्हटलं, ‘मी चुकून आलो.’

ती म्हणाली, ‘मले दिसलंच. तुमचा शर्ट इस्त्रीचा हाये अन् चेहरा बिनाइस्त्रीचा.’

मग मी तिला जीची गोष्ट सांगितली. ती एवढी हसली की आतून बाबुलालभाऊंनी डोकावलं आणि समाधानानं परत गेले. ती हसली म्हणून मी तुझाही जी सांगून टाकला. सांगायला नको होता. पण समोर ऐकणारं माणूस आलं की मी थांबत नाही, हे तुला माहीत आहे. विमानं कमी, इन्स्ट्रक्टर थकलेले, चूक सांगणाऱ्याला शिक्षा, सगळं बोललो. कोहळ्याच्या वेलासमोर मूलचं भाषण पुन्हा झालं. शेवटी म्हणालो, ‘म्हणून ती सोडून घरी येते आहे.’

ती आता हसत नव्हती. म्हणाली, ‘ती येऊन राह्यली? असं म्हटलं तिनं?’

‘पत्रात विचारलं आहे तिनं.’

‘विचारलं का सांगतलं?’

ती उठली, खुर्ची आत नेता नेता म्हणाली, ‘आधी बहिणीले बराबर उत्तर द्या. मंग आमचं पाहू.’

घरी आल्यावर तुझं पत्र काढलं. शेवटच्या ओळीत तू लिहिलं आहेस, ‘दादा, मी घरी येऊ का?’ प्रश्नचिन्ह आहे. तू ते दोनदा गिरवलं आहेस, कागदाला मागून उठाव आला आहे. बोट फिरवलं की लागतो. ते पत्र मी स्टाफरूममध्ये वाचलं, बसमध्ये वाचलं, घरी वाचलं. मी पुस्तकांतली खोडलेली अक्षरं लावणारा माणूस, आणि मला ते चिन्ह दिसलं नाही. मी वाचलं, ‘दादा, मी घरी येते.’

तू जी उचलून म्हटलास, मी सपाट ऐकला.

तुझ्या सरांच्या कानात खरखर होती. माझ्या कानात काय होतं ते लिहायला मला कालची संध्याकाळ आणि आजची सकाळ लागली. तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा, ‘सामान बांधायचं’ या शब्दांवर, मला आत गार वाटलं. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं. आधी ते आलं. काळजी नंतर आली, घाईघाईनं, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी. बॅनर उतरलेला दिसला. सूत्रसंचालकाच्या हातातली चिठ्ठी गेली. तू माझ्या शेजारी व्यासपीठावर बसलेली दिसलीस, आणि त्या चित्रात मी बोलत होतो, तू ऐकत होतीस. खुर्चीतून उठवलेले दोघं. मग मी एकटा राहिलो नसतो.

हेवा हा शब्द मी भाषणात कधी वापरला नाही. अन्याय वापरला, विषमता वापरली, व्यवस्था तर शेकडो वेळा वापरली. तू पहिल्यांदा एकटी उडालीस त्या दिवशी घरात पेढे वाटले आणि मी तलावाच्या पाळीवर जाऊन बसलो. एटापल्लीकडे जाणारं हेलिकॉप्टर वरून गेलं. लहानपणी आपण दोघं त्याच्यामागे धावायचो आणि तू नेहमी मागे राहायचीस, कारण तुझे पाय छोटे होते आणि मी थांबायचो नाही. त्या दिवशी मी मान वर केली नाही. आजही तो हेवा गेलेला नाही, दिव्यानी. हे लिहितानाही आहे. जाईल असं वचन देत नाही. तो माझा आहे, मी बघून घेईन. पण त्याच्या हातात तुझं विमान देणार नाही.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. वरच्या पानांतल्या मागण्यांतला एक शब्दही मी मागे घेत नाही. विमानं हवीत, इन्स्ट्रक्टर हवेत, ती खुर्ची दुसऱ्यांदा मिळाली पाहिजे, चूक सांगणाऱ्याला संरक्षण हवं. सगळं खरं आहे. मी खऱ्या गोष्टींचा दोर वळला आणि तुला खाली ओढायला वापरला. निषेध म्हणून तू घरी यावंस, हे वाक्य ऐकायला कसं खणखणीत आहे बघ. सभेत टाळी पडली असती. पण तू निघून आलीस तर तिथे काय बदलेल? तुझ्या शेऱ्यावर सही होईल आणि पुढच्या वर्षी आपल्याकडचं एखादं पोरगं त्याच खरखरीत जी म्हणेल.

मी पाच वर्षं कुंपणाबाहेरून ओरडतो आहे. आतल्या एकाही माणसाच्या कानावर ते गेलेलं नाही, कारण मी बाहेर आहे. तू आत आहेस. तुझं एक साधं वाक्य माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा पुढे जाईल. हे लिहिताना मला पुन्हा झोंबतं आहे, पण ते खरं आहे.

आणि तू एकटीही नाहीस. तूच लिहिलंस की तुझ्या खोलीतली ती केरळची मुलगी ‘हो’ म्हणताना मान अशी हलवते की तुला ‘नाही’ वाटतं, आणि आधी आठवडाभर तुमचं चहावरून भांडण झालं. प्रत्येकानं आपापल्या गावाहून एकेक जी आणला आहे. कुणी सांगत नाही, कारण सांगणं म्हणजे आपण गावंढळ आहोत हे कबूल करणं, असं सगळ्यांना वाटतं. तू तुझा जी सांगितलास की सर काय म्हणतील ते मला माहीत नाही. रागावतील. कदाचित त्यांनाही त्या दिवसापासून झोप लागत नसेल. हात तर त्यांनी सोडला होता. शेरा पुसला जाईल असंही मी सांगत नाही. पण मग तपासणीच्या फेरीला तू बसशील तेव्हा तुझ्या छातीवर तो न बोललेला शब्द नसेल. उडणं तुला येतं. मी पाहिलं आहे. भिंतीवरचा कवडसा तुझ्या हातून कधी निसटला नाही, मी मुद्दाम हलवला तेव्हाही नाही. हो, कधीकधी मी मुद्दाम हलवायचो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, उचललेल्या जीला सपाट उत्तर, हे: नको येऊस.

आणि एक काम कर, एकच. हे पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळी तुकडी ब्रीफिंगला बसलेली असेल आणि ‘कुणाला काही विचारायचं आहे का’ असं म्हणतील, तेव्हा उभी राहा आणि सगळ्यांसमोर सांग, ‘सर, त्या दिवशी मी जी म्हटलं, तो प्रश्न होता.’

पायलट दिव्यानीचा भाऊ,
प्रफुल